अराकिसवर पाऊस पडत नाही

'ड्यून' मी पहिल्यांदा पाहिला तो लातूरला, मामाच्या घरी, १९९८ किंवा ९९ च्या मे महिन्यात. आमच्याकडे केबल नव्हती, त्यामुळे सुट्टी लागली की मुक्काम मामाकडे. दुपारी कूलरसमोर सहा-सात भावंडं पसरलेली आणि कुठल्याशा इंग्रजी चॅनलवर डेव्हिड लिंचचा १९८४ चा सिनेमा चालू. संवाद निम्म्याहून जास्त डोक्यावरून जात होते. निळ्या डोळ्यांची माणसं, वाळू फाडून वर येणारे अजस्र किडे, हवेत तरंगणारा एक लठ्ठ सरदार, एवढ्यावर आमचं भागत होतं. शेवट मात्र लख्ख आठवतो. नायक जिंकतो आणि त्या ठणठणीत कोरड्या ग्रहावर पाऊस पडायला लागतो, धो धो. मामी पदराला हात पुसत स्वयंपाकघराच्या दारात आली होती. तिनं अख्ख्या सिनेमातला तेवढाच तुकडा पाहिला, "आला बाई एकदाचा" म्हणाली आणि परत आत गेली. आम्हा सगळ्यांना फार बरं वाटलं होतं.

हा सिनेमा फ्रँक हर्बर्टच्या 'ड्यून' या कादंबरीवरून केलेला आहे आणि तो पाऊस त्या कादंबरीत नाही, हे मला कळायला पुढं सतरा-अठरा वर्षं लागली.

मी मालिकांचे संवाद लिहिते. मुंबईत, गेली चौदा वर्षं. पुस्तकातलं पडद्यावर आणताना काय काय होतं हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे, म्हणून 'ड्यून'ची निरनिराळी रूपं मी वही घेऊन पाहिली आहेत. या एका कादंबरीचा पडद्यावरचा प्रवास बघितला की आमच्या कामातले सगळे पेच एका जागी सापडतात. आणि दुसरं कारण घरचं आहे. ते आधी सांगते.

कादंबरी मी वाचली २०१६ च्या उन्हाळ्यात. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं, म्हणून मार्च ते मे मी लातूरलाच होते. एपिसोड लिहून मेलवर पाठवायचे. मांजरा धरण आटलं होतं. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी लागली, कारण टँकर भरताना हाणामाऱ्या होत होत्या. १२ एप्रिलला पहाटे मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी आली, दहा वाघिणी, ५ लाख लिटर. पुढं पन्नास वाघिणींच्या गाड्या यायला लागल्या, एका खेपेला २५ लाख लिटर. घरात प्रत्येक थेंबाचा हिशेब होता. तांदूळ धुतलेलं पाणी भाजीला, भाजी धुतलेलं फरशीला, फरशी पुसलेलं संडासात. अंघोळ परातीत बसून करायची आणि परातीतलं पाणी दारातल्या नारळाला घालायचं.

नारळ अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, घर बांधलं त्या वर्षी लावलेला. परातीच्या पाण्यानं त्याचं काय होणार? म्हणून अण्णा वर दोन बादल्या चांगलं पाणी घालायचे. टँकरचं, विकतचं. कुणी काही बोलत नव्हतं, पण रस्त्यानं जाणारा प्रत्येक जण त्या झाडाकडे बघायचा. एकदा धुण्याभांड्याच्या मावशी निघताना थांबल्या आणि विचारलं, "अण्णा, याला रोज किती लागतं हो?" अण्णा म्हणाले, "दोन बादल्या." मावशींनी झाडाकडे पाहिलं, बादलीकडे पाहिलं आणि गेल्या.

त्याच आठवड्यात मी पुस्तकात त्या पानावर पोचले. अराकिस नावाच्या वाळवंटी ग्रहावर नवा सरदार राहायला आलाय. वाड्याच्या अंगणात खजुराची वीस झाडं. सरदाराची बाई जेसिका खिडकीतून बघते, तर रस्त्यानं जाणारी माणसं त्या झाडांकडे विचित्र नजरेनं बघतायत. घरचा वैद्य तिला हिशेब सांगतो. एका झाडाला दिवसाला ४० लिटर पाणी लागतं, माणसाला ८. एक झाड म्हणजे पाच माणसं. वीस झाडं म्हणजे शंभर माणसं.

पुस्तक मांडीवर पालथं घालून मी बराच वेळ दारातल्या नारळाकडे बघत राहिले. अण्णांना तो परिच्छेद मराठीत करून सांगितला. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्या दोन बादल्या मावशींच्या घागरीत जायला लागल्या. जूनपर्यंत झाडाच्या झावळ्या खोडाला चिकटून लोंबायला लागल्या. पुढच्या वर्षी ते तोडावं लागलं.

अशा वेळी वाचलेली कादंबरी आपल्याला नुसती आवडत नाही, ती आपल्या बाजूची होते. हर्बर्टला ती सुचली तीही अशीच, जमिनीवरून. १९५७ मध्ये तो ओरेगॉनमधल्या फ्लोरेन्स गावाजवळ गेला होता. तिथं सरकारी शेती खातं सरकत्या वाळूच्या टेकड्या थोपवायला गवत लावत होतं. त्यावर लेख लिहायला घेतला तो छापून आलाच नाही, पण वाळवंट, पाणी आणि त्यावर ज्याचा ताबा त्याची सत्ता, हे त्याच्या डोक्यातून गेलं नाही. वीसहून जास्त प्रकाशकांनी परत पाठवलेलं पुस्तक शेवटी १९६५ मध्ये मोटारदुरुस्तीची पुस्तकं छापणाऱ्या एका कंपनीनं काढलं.

आता कामाचं.

'ड्यून' पडद्यावर आणायला अवघड का, तर किडे आणि अंतराळयानं दाखवायला अवघड म्हणून, असं बहुतेकांना वाटतं. पैसा असला की किडा होतो. खरा पेच असा की या कादंबरीत माणसं बोलतात त्याच्या दुप्पट मनात बोलतात. एका टेबलाभोवती सहा जण बसलेत आणि हर्बर्ट एकाच पानावर सहाही जणांच्या डोक्यात जाऊन येतो. हा खोटं बोलतोय हे तिला कळलंय, तिला कळलंय हे त्याला कळलंय, आणि तोंडानं दोघं हवापाण्याचं बोलतायत. वाचायला यात अपार गंमत आहे. पडद्यावर मात्र सहा जण नुसते बसलेले दिसतात.

आम्ही मालिकावाले यावर एकच औषध वापरतो. पानावर 'मनात' असं लिहायचं आणि पुढं वाक्य टाकायचं. सेटवर नटी ओठ मिटून दाराकडे बघते, वाक्य नंतर डबिंगला येतं. 'ही इथं कशी आली? हिला सगळं कळलं तर नसेल?' आमच्याकडे ते चालतं, कारण आमची प्रेक्षक पोळ्या लाटता लाटता मालिका ऐकत असते. तिची नजर तव्यावर असते. मनातलं कानावर पडलं नाही तर तिचा धागा सुटेल. या औषधाला मी नावं ठेवत नाही, माझं घर त्यावर चाललंय.

लिंचनं १९८४ मध्ये हेच केलं. त्याच्या सिनेमात पात्रं ओठ मिटून उभी राहतात आणि मागून कुजबुजीत त्यांचे विचार ऐकू येतात. मला त्यामागची निष्ठा दिसते. हर्बर्टचं जे खास होतं, ते त्याला सोडवत नव्हतं. पण सव्वादोन तासांत अख्खी कादंबरी बसवायची, वर प्रत्येकाचं मनही ऐकवायचं, म्हणजे डोळ्यांना काही कामच उरत नाही. सिनेमा सुरू होतो तोच मुळी राजकन्या इरुलानच्या चेहऱ्यानं. ती चांदण्यांच्या पार्श्वभूमीवर आपल्याकडे बघत सगळा भूगोल-इतिहास समजावून सांगते. अमेरिकेत काही थिएटरांत प्रेक्षकांच्या हाती अवघड शब्दांचे अर्थ छापलेला कागद दिला होता. सिनेमा बघायला आलेल्या माणसाला कागद द्यावा लागतो तेव्हा लिहिणाऱ्यांच्या खोलीत काय घालमेल झाली असेल, याची मला नेमकी कल्पना येते.

डेनी व्हिलनव्ह या दिग्दर्शकानं याच कादंबरीवर दोन भागांत सिनेमा केला. त्यातला पहिला भाग मी २२ ऑक्टोबर २०२१ ला पाहिला. तारीख विसरणार नाही, कारण महाराष्ट्रातली थिएटरं कोविडनंतर त्याच दिवशी उघडली होती. निम्म्याच खुर्च्या भरायच्या, दोन माणसांच्या मध्ये एक रिकामी. त्या अंधारात, मास्क लावून, मी तो पेटीचा प्रसंग बघितला.

प्रसंग असा. पॉल, गोष्टीचा नायक आणि जेसिकाचा मुलगा, पंधरा वर्षांचा. एक म्हातारी धर्ममाता त्याची परीक्षा घ्यायला आली आहे. त्यानं हात एका पेटीत घालायचा. आत हात जळत असल्यासारख्या असह्य वेदना होतात, पण काढला तर मानेजवळ धरलेली विषारी सुई टोचणार. पॉल आईनं शिकवलेला भीतीवरचा मंत्र मनात म्हणतो आणि टिकतो. पुस्तकात सगळं त्याच्या मनात घडतं. लिंचनं तो मंत्र पॉलच्या मनातल्या आवाजात ऐकवला. व्हिलनव्हनं काय केलं? मंत्र पोराकडून काढून घेतला आणि आईच्या तोंडी दिला. जेसिका बंद दाराबाहेर उभी आहे. आत काय चाललंय हे तिला नेमकं ठाऊक आहे, कारण ती स्वतः त्यातून गेली आहे. ती थरथरत तो मंत्र पुटपुटते आणि आत पोराचा चेहरा आवळत जातो. भीती दाराच्या आत, शब्द दाराबाहेर.

मी त्या क्षणी पिशवीतून वही काढली आणि अंधारात लिहिलं, 'मनातलं दुसऱ्याला दे'. दुसऱ्या दिवशी वाचलं तर अक्षरं एकमेकांवर चढलेली होती. गेली चार वर्षं ते पान माझ्या टेबलासमोर भिंतीला लावलेलं आहे.

एकदा ही किल्ली हाती आली की सिनेमाभर तिची कामं दिसायला लागतात. आई आणि मुलगा शत्रूसमोर बोटांच्या खुणांनी बोलतात. पुस्तकातही खुणांची भाषा आहे, पण इथं तिच्यावर पानंच्या पानं मनातल्या विचारांचं ओझं दिलंय, आणि ती ते उचलते. सिनेमा उघडतो तो राजकन्येच्या आवाजात उघडत नाही. पहिला आवाज चानीचा, त्या वाळवंटात जन्मलेल्या पोरीचा. उतरत्या उन्हात आपला ग्रह किती सुंदर दिसतो, इथून ती सुरुवात करते आणि आता आमच्यावर जुलूम करायला पुढचे कोण येणार, या प्रश्नावर थांबते. गोष्ट तीच, पण पहिलं वाक्य कुणाच्या तोंडी दिलं यावर पुढं प्रेक्षक कुणाच्या शेजारी बसून ती बघणार हे ठरतं. आमच्या वन-लाइनच्या, म्हणजे गोष्टीचा आराखडा ठरवायच्या मीटिंगमध्ये यावर दोन-दोन तास वाद होतात, आणि व्हायलाच पाहिजेत.

आणि खजुराची झाडं. मी त्यांची वाटच बघत होते. वैद्य आणि जेसिकाचं संभाषण सिनेमात नाही. मला वाटलं, गेलं, कापलं. तेवढ्यात पॉल अंगणात येतो. ऊन रणरणतंय. एक म्हातारा माळी झाडांपाशी आहे. ही झाडं इथली नाहीत, मी नसलो तर मरतील, असं तो सांगतो. एकेक झाड रोज पाच माणसांचं पाणी पितं. वीस झाडं, शंभर जीव. पॉल विचारतो, मग काढून टाकायची का, पाणी वाचेल. माळी घाईघाईनं नाही म्हणतो. ही पवित्र आहेत. जुनं स्वप्न आहे.

'जुनं स्वप्न' हे पुस्तकातल्या त्या पानावर नाही. तिथं झाडं म्हणजे श्रीमंतांचा माज. इथं ज्याच्या वाट्याचं पाणी ती झाडं पितात तोच माणूस त्यांना जपतोय. लिहिणाऱ्यांनी हिशेब जसाच्या तसा ठेवला आणि तो सांगणारा बदलला, तर त्याच आकड्यातून आणखी एक गोष्ट निघाली. मला अण्णा आठवले. विकतच्या पाण्याच्या बादल्या घेऊन नारळाकडे जाणारे अण्णा माजोरडे नव्हते. त्यांनी ते झाड लावलं तेव्हा लातूरला पाणी होतं.

व्हिलनव्हनं जे टाकलं त्याबद्दल माझी तक्रारही आहे. पुस्तकात वाड्यातल्या मेजवानीचं एक प्रकरण आहे. जेवणघराच्या दारात हात धुवायची घंगाळं ठेवलेली असतात. तिथली जुनी रीत अशी की पाहुण्यांनी हात बुडवायचे, काही कप पाणी जमिनीवर सांडायचं, टॉवेलला हात पुसायचे आणि तो टॉवेल दाराशी साचलेल्या थारोळ्यात फेकायचा. जेवणं झाली की बाहेर जमलेल्या भिकाऱ्यांना त्या टॉवेलांचं पिळलेलं पाणी मिळायचं. नवा सरदार हे बघून संतापतो. रीत बंद करतो आणि दारात येईल त्याला कपभर स्वच्छ पाणी द्यायला सांगतो. यावर घरातली मोलकरीण चिडते, कारण पिळलेलं पाणी विकून तिला चार पैसे सुटणार असतात. सबंध ग्रहाचं अर्थशास्त्र चार टॉवेलांत आहे. दोन भाग मिळून सव्वापाच तासांहून जास्त वेळ हातात असताना हे घ्यायला हवं होतं, असं मला अजूनही वाटतं. २००० सालच्या अमेरिकन टीव्ही मालिकेत मेजवानी आहे. ती मालिका प्रागच्या स्टुडिओत, रंगवलेल्या पडद्यांसमोर चित्रित झाली, वाळवंट नाटकातल्यासारखं दिसतं, तरी माणसं एकमेकांच्या समोर बसून बोलतात तेव्हा ती मालिका दोन्ही सिनेमांपेक्षा पुस्तकाच्या जवळ जाते. टेबलाभोवतीची बोलणी ही टीव्हीची जागा आहे.

(ॲसिमॉव्हच्या 'फाउंडेशन'वर २०२१ पासून मालिका चालू आहे. ते पुस्तक तर जवळजवळ सगळंच खोल्यांमधली बोलणी आहे, म्हणून मला फार आशा होती. पण तिच्यातला मला सर्वांत आवडलेला भाग पुस्तकात नाहीच. एकाच सम्राटाच्या तीन वयांतल्या प्रती एका वेळी राज्य करतात, तरुण, प्रौढ आणि म्हातारा. साम्राज्य का कुजतं हे ते तिघं जेवायला बसले की कळतं. त्यावर कधीतरी वेगळं लिहीन.)

आता पाऊस.

कादंबरीत पाऊस येत नाही, येऊच शकत नाही. लिएट-काईन्स हा तिथला शास्त्रज्ञ आणि त्याच्याआधी त्याचा बाप, दोघांनी ग्रह हिरवा करायची योजना आखलेली असते. हवेतलं दव गोळा करायचं, टेकड्यांवर गवत लावायचं, मग झुडपं, मग झाडं. बाप हिशेब मांडतो की एकूण ३ टक्के हिरवाई साधली की चक्र आपलं आपण फिरायला लागेल. लोक विचारतात, किती वर्षं? तो सांगतो, तीनशे ते पाचशे. आणि ते लोक कामाला लागतात. डोंगराच्या पोटात त्यांनी पाण्याचे साठे केलेत. एका साठ्यात ३८ कोटी लिटर पाणी आहे. मी लातूरला बसून भागाकार केला होता, मिरजेच्या पन्नास वाघिणींच्या गाडीच्या १५२ खेपा. तहानेनं जीव गेला तरी त्यातलं कुणी घोटभर पीत नाही, कारण ते नातवंडांच्या नातवंडांचं आहे. शिवाय त्या किड्यांना पाणी म्हणजे विष. मुसळधार पाऊस आला तर किडे मरतील, किडे मेले तर ज्या मसाल्यासाठी सगळं विश्व तिथं भांडतंय तो संपेल. लिंचच्या शेवटच्या दोन मिनिटांतला पाऊस या सगळ्यावर पाणी ओततो. एका माणसानं जिंकल्याबरोबर आभाळ फाटतं, आणि तीनशे वर्षं दव गोळा करायला तयार असलेली माणसं गोष्टीतून वाहून जातात.

हे मी लिंचला दूर बसून सुनावत नाहीये. मीही तो पाऊस पाडला आहे.

काही वर्षांपूर्वी एका मराठी कादंबरीवरून सव्वीस भागांची मालिका करायचं ठरलं. दुष्काळी गाव, एक बाई, तिची पाण्याची रांग. कादंबरी संपते तेव्हा बाई रांगेत घागर ठेवते आणि दगडावर टेकते, एवढंच. कादंबरीकार हयात नव्हते. पंचविसाव्या भागापर्यंत सगळं नीट झालं. शेवटच्या भागाआधी चॅनलचा निरोप आला, शेवट पॉझिटिव्ह हवा, पाऊस दाखवा. मी दोन दिवस भांडले. तिसऱ्या रात्री सीन लिहून दिला. पावसात भिजणारी बाई, तोंड वर केलेलं, हातातून सुटलेली घागर. चांगला लिहिला होता, त्याचंच वाईट वाटतं.

शूटिंग नगर जिल्ह्यातल्या एका गावात, मे महिन्यात होतं. पावसासाठी तीन टँकर मागवले होते. पाइप वर चढवले, मोटर सुरू झाली, पाऊस पडला. कट. रीटेक. पुन्हा पाऊस. गावातली माणसं दोरीपलीकडे उभी राहून बघत होती, एकही शब्द नाही. चार टेकनंतर पॅकअप झालं. तेव्हा दोरीखालून पाच-सहा बायका आल्या, प्रत्येकीच्या कमरेवर कळशी. त्यातली एक टँकरच्या ड्रायव्हरला म्हणाली, "भाऊ, तळाचं उरलं असंल तर सोडता का?" त्यानं नळ सोडला. तिसऱ्या कळशीला पाणी संपलं. बाकीच्या बायका जमिनीवरच्या चिखलाकडे बघत उभ्या राहिल्या.

मी त्यांच्यापासून चार हातांवर उभी होते. मला टॉवेल आठवले.

लिंचला आपल्या सिनेमाच्या अंतिम संकलनाचा हक्क मिळाला नव्हता. पुढं त्या सिनेमाची टीव्हीसाठी लांबवलेली आवृत्ती निघाली तेव्हा त्यानं आपलं नाव काढायला लावलं. तिथं दिग्दर्शक म्हणून ॲलन स्मिदी असं टोपणनाव दिसतं. त्या सव्विसाव्या भागावर माझं नाव आहे. काढा म्हणायला हवं होतं, म्हणाले नाही. जानेवारी २०२५ मध्ये लिंच गेल्याची बातमी वाचली, त्या रात्री मी तो पावसाचा शेवट पुन्हा बघितला. पंचविसेक वर्षांपूर्वी मामीला बरं वाटलं होतं ते खोटं नव्हतं. म्हणून तर हा पाऊस इतका अवघड आहे. तो प्रेक्षकाला हवा असतो.

व्हिलनव्हच्या दुसऱ्या भागात पाऊस नाही. तिथं पाण्याची जागा अश्रूंनी घेतली आहे, आणि शेवट एका बाईच्या चेहऱ्यावर आहे. हर्बर्टला नायक घडवायचा नव्हता. तारणहार मागणाऱ्या लोकांचं काय होतं ते त्याला सांगायचं होतं. पण वाचक पॉलवर भाळले. मग त्यानं १९६९ मध्ये पुढचं पुस्तक लिहून पॉलच्या नावानं झालेला संहार दाखवला. म्हणजे पहिल्या पुस्तकात जे ऐकू गेलं नाही ते दुसऱ्यात ओरडून सांगावं लागलं. व्हिलनव्हनं ती दुरुस्ती पहिल्याच गोष्टीत केली, चानीच्या हातून. पुस्तकातली चानी पॉलची प्रेयसी आहे आणि त्याच्यावर विश्वास ठेवते. तो राजकन्येशी राजकारणापायी लग्न करतो, तेव्हा जेसिका, जी स्वतःही सरदाराची लग्नाची बायको नव्हती, तिची समजूत घालते की इतिहास आपल्यालाच बायका म्हणेल, आणि तिथं कादंबरी संपते. मला ते वाक्य कधीच पटलं नाही. सिनेमातली चानी पहिल्यापासून म्हणते की बाहेरून आलेला देव आम्हाला नको. शेवटी सगळे गुडघे टेकतात, ती टेकत नाही. बाहेर पडते, वाळवंटात एकटी उभी राहून किड्याला बोलावते, आणि कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर थांबतो. ती काय विचार करते ते ऐकवलेलं नाही. मी असते तर चार वाक्यं 'मनात' लिहिली असती. आता नाही लिहिणार.

पुस्तकाच्या शेवटच्या ओळीला हात लावून पुस्तक जास्त खरं करायचं, याला छाती लागते. हर्बर्टच्या घटना लिंचनं जपायचा प्रयत्न केला आणि त्याच्या हातून हर्बर्टच्या नेमकं उलट गोष्ट झाली, देव आला आणि पाऊस पाडून गेला. व्हिलनव्हनं चानीला पार बदललं, तरी मला लातूरच्या त्या उन्हाळ्यात वाचलेलं पुस्तक तिच्या चेहऱ्यात सापडलं.

मागच्या दिवाळीत घरी गेले तेव्हा अण्णांना पहिला भाग टीव्हीवर दाखवला. आता त्यांना अठ्ठ्याहत्तर पूर्ण आहेत. इंग्रजी कळत नाही, म्हणून मी शेजारी बसून सांगत होते. किड्यांत त्यांना फारसा रस वाटला नाही. माळ्याच्या प्रसंगाला ते पुढं सरकून बसले. मी पाच माणसांचा हिशेब सांगायला लागले, तर त्यांनी हातानं थांबवलं. "सांगितला होतास तू," म्हणाले. नऊ वर्षांनी त्यांच्या लक्षात होतं.

पुढं रात्रीचा हल्ला होतो, आग लागते, आणि जळताना ती खजुराची झाडं दिसतात. अण्णा काही वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तो माळी एवढ्या उन्हाचा कशाला झाडापाशी गेला होता गं? पाणी सकाळी घालतात." मी म्हटलं, सिनेमाय अण्णा. ते म्हणाले, "जरा मागं घे. त्याचा हात बघू दे."

मी मागं घेतलं.